घर बार्देशात, वकील दादरला: गोव्यातल्या वडिलोपार्जित मालमत्तेसाठी तिथलाच वकील कसा निवडावा

बार्देश तालुक्यातल्या म्हापशाच्या सब-रजिस्ट्रार कार्यालयात बाबा आणि माझ्या दोन आत्या सकाळपासून बसून होते. आजोबांच्या घरातला आपापला हिस्सा दोघी आत्या बाबांच्या नावे सोडणार होत्या. हक्कसोडपत्र दादरच्या आमच्या नेहमीच्या वकिलांनी करून दिलं होतं. मुद्रांक, फोटो, साक्षीदार, सगळी जय्यत तयारी. खिडकीमागच्या बाईंनी दोन पानं वाचली, आत्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "हांचे घोव खंय आसात?"

थोरल्या आत्याचे यजमान कल्याणला घरी होते. धाकटीचे यजमान आजोबांच्या मागून वारले होते. माहेरच्या घराशी जावयांचा काय संबंध, हे आम्हाला कळेना. दस्ताच्या पहिल्याच परिच्छेदात 'हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे' असं लिहिलं होतं, आणि तो कायदा गोव्यात लागूच नाही. दोघी आत्यांची लग्नं गोवामुक्तीच्या आधी गोव्यात झालेली, तिथंच नोंदलेली. त्या नोंदणीमुळे नवरा-बायकोची मिळकत सामाईक, वारशाने आलेलीसुद्धा. म्हणजे आतोबांची सही हवी होती आणि धाकट्या आत्याच्या मुलांचीही.

दादरचे वकील वाईट नव्हते. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचं काम त्यांनी उत्तम केलं होतं. गोव्याचा कायदा त्यांच्या रोजच्या कामातला नव्हता. तसं मोकळेपणाने सांगण्याऐवजी त्यांनी मुंबईचा नमुना भरून दिला. पुढे म्हापशाच्या एका वकीलबाईंनी सगळं नव्याने मांडलं आणि घर मार्गी लागायला साडेचार वर्षं गेली. गोव्यात घर, भाट (म्हणजे नारळी-बागायत) किंवा शेत आहे आणि माणसं मुंबई, पुणे, बेळगाव, दुबईत आहेत, अशी कितीतरी मराठी कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. त्यांनी आमच्यासारखी वर्षं घालवू नयेत, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

सनद एकच, कायदा वेगळा

आधी परवान्याचं समजून घेऊ. भारतात वकिलाला सनद देते ती राज्याची बार कौन्सिल, १९६१च्या अधिवक्ता कायद्याखाली. महाराष्ट्र आणि गोवा यांची बार कौन्सिल एकच आहे, तिचं कार्यालय मुंबईत. त्यामुळे दादरचा वकील म्हापशाच्या कोर्टात उभा राहू शकतो, त्याला कुणी अडवणार नाही. या कायद्याचं ३०वं कलम जून २०११ पासून लागू झालं आणि कुठल्याही राज्याची सनद असलेल्या वकिलाला देशभर वकिलीचा हक्क मिळाला. पण त्याच कायद्याचं ३४वं कलम प्रत्येक उच्च न्यायालयाला आपल्याकडे वकिलांनी कसं उभं राहायचं याचे नियम करू देतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाचा नियम असा, की बाहेरच्या वकिलाने तिथल्या यादीतला स्थानिक वकील सोबत घ्यावा. तो नियम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली योग्य ठरवला. अमेरिकेत तर परवानाच मुळी राज्यापुरता असतो; न्यू जर्सीत सनद असलेला वकील टेक्सासमध्ये आपोआप वकिली करू शकत नाही.

मग गोव्यासाठी वेगळा वकील का शोधायचा? इथे अडचण परवान्याची नसून कायद्याची आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. १९६१च्या मुक्तीनंतर भारताच्या संसदेने १९६२च्या कायद्याने ती पुढे चालू ठेवली. वारसा आणि वाटणीचा भाग आता गोव्याच्या २०१२च्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कायद्यात आला आहे आणि तो २०१६ पासून अमलात आहे. यातल्या तीन गोष्टी महाराष्ट्रातल्या माणसाला दचकवतात.

पहिली आत्यांच्या बाबतीत सांगितलीच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरली जाते आणि घर-जमीन विकायला दोघांची संमती लागते. नवरा गेला की बायकोचा अर्धा भाग तिचा स्वतःचाच असतो. वारसा सुरू होतो तो उरलेल्या अर्ध्यात. दुसरी गोष्ट मृत्युपत्राची. मुलं असताना आपल्या वाट्याच्या निम्म्याहून जास्त मिळकत मनाप्रमाणे कुणाला देता येत नाही. 'आजोबांनी सगळं काकांना लिहून दिलंय' हे वाक्य गोव्यात पूर्ण खरं ठरेलच असं नाही. तिसरी, वारस ठरवायची रीत. एकमत असेल तर विशेष नोटरीसमोर वारसाचा दस्त होतो, ज्याला तिथं 'डीड ऑफ सक्सेशन' म्हणतात. वाटणी करायची असेल किंवा भांडण असेल, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी लावावी लागते. इन्व्हेंटरीत कुटुंबप्रमुख सगळ्या मिळकतीची यादी देतो, सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार पक्षकार होतात, आणि एकाच घरावर दोघांचं मन असेल तर न्यायालयात वारसांतच बोली लागते. तिला लिसिटेशन म्हणतात. जास्त बोली लावणारा घर घेतो आणि बाकीच्यांच्या वाट्याचे पैसे भरतो. आमच्या दादरच्या वकिलांनी हा शब्द कधी ऐकलाही नव्हता.

आणखी एक. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोवेकराची मिळकत गोव्याबाहेर, भारतात कुठेही असली, तरी तिचा वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल. त्या खटल्यातली मिळकत मुंबईतली होती. म्हणजे आजोबांचं गिरगावातलं बिऱ्हाडसुद्धा या हिशेबात येऊ शकतं. तुमचं कुटुंब या कायद्याच्या दृष्टीने गोवेकर ठरतं की नाही, हा प्रश्न जन्म, वास्तव्य आणि लग्नाच्या नोंदी पाहून सोडवायचा असतो. चांगला स्थानिक वकील पहिल्या दहा मिनिटांत तिथंच येतो. आमच्या वकीलबाईंचा पहिला प्रश्न होता, "लग्नं खंय नोंद केल्यात?"

आधी हद्द ठरवा

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या १६व्या कलमानुसार जमिनीचा दावा जमीन ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथेच लावावा लागतो. तुम्ही कुठे राहता याला महत्त्व नाही. तेरेखोल नदीच्या अलीकडे सावंतवाडीची बाजू आणि पलीकडे पेडणे; दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या जत्रांना जातात. पण सिंधुदुर्गातल्या जमिनीचं प्रकरण वर गेलं, तर ऑगस्ट २०२५ पासून ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातं, आणि पेडण्याचं पर्वरीला, त्याच उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे. सात-बारा नदीच्या या बाजूलाच संपतो. तिकडे फॉर्म एक-चौदा. इकडे 'एनए' म्हणतात, तिकडे कन्व्हर्जन सनद. (वकिलाची सनद वेगळी, जमिनीची वेगळी, फोनवर बोलताना आमचा यात दोनदा घोळ झाला.)

तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि पोटविभाग एका कागदावर लिहा. त्या तालुक्याच्या न्यायालयात आणि मामलेदार कचेरीत ज्याचं रोजचं येणं-जाणं आहे, असा वकील तुम्हाला हवा आहे. पणजीत बसणारा मोठा वकील काणकोणच्या मामलेदाराकडे स्वतः क्वचित जाईल.

वकिलाकडे जाण्याआधी घरात बसून करायचं काम

यात सगळ्यात जास्त वेळ घाला. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ वही घेऊन बसा. कोण कधी जन्मलं, कुणाचं लग्न कुठे झालं आणि कुठे नोंदलं, कोण कुणाच्या आधी गेलं, कुणाला मूल नव्हतं, कोण पोर्तुगालला किंवा आफ्रिकेला गेलं. मृत्यूंचा क्रम चुकला की वाटे चुकतात. धाकटे आतोबा आजोबांच्या आधी गेले असते, तर त्यांचे वारस या घराच्या कागदात आलेच नसते. केवळ त्या एका तारखेने तीन सह्या वाढल्या.

मग कागद. फॉर्म एक-चौदाचा ताजा उतारा आणि सर्व्हे नकाशा. घरपट्टीच्या पावत्या. जुने पोर्तुगीज दस्त असतील तर ते पिशवीतून काढून सपाट ठेवा, लॅमिनेट करू नका. मुक्तीपूर्व काळातली मालकी दोन ठिकाणी सापडते: जुन्या जमीन नोंदणी कार्यालयातल्या 'देस्क्रिसांव' आणि 'इन्स्क्रिसांव' या नोंदी, आणि करासाठीची 'मात्रीझ'. दोन्ही पोर्तुगीजमध्ये, बऱ्याचदा हाताने लिहिलेल्या. एक-चौदावर नाव असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नव्हे, हे गोव्यातल्या कारकुनालाही माहीत असतं. मुंबईच्या वकिलाला ते वेगळं सांगावं लागतं.

याच कारणाने महाराष्ट्रात रूढ असलेला तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींचा शोध, गोव्यात मला अपुरा वाटतो. तीस वर्षं मागे गेलात तर तुम्ही १९९०च्या दशकात थांबता, आणि गोव्यातले खरे प्रश्न त्याच्या कितीतरी मागचे असतात. जमीन कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) होती का, आल्वाऱ्याने (सरकारी जमीन देण्याच्या पोर्तुगीज सनदेने) मिळाली होती का? घरात मुंडकार राहतो का? १९७५च्या कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला आहे. शेतात कूळ आहे का? कुळांना मालकी देणारी दुरुस्ती १९७६ची. भातशेती असेल तर २०२३च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकण्यावर बंदी आली आहे. गावात वाढलेल्या वकिलाला यातलं निम्मं नुसत्या वाड्याच्या नावावरून कळतं.

उशीर करू नका, असंही मनापासून सांगतो. जुने दस्त बनावट करून जमिनी लाटल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की गोवा सरकारला २०२२मध्ये त्यासाठी पोलिसांचं विशेष तपास पथक नेमावं लागलं. मालक परदेशात किंवा परराज्यात आणि घर बंद, अशा मिळकतींवर डोळा ठेवला जातो. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३मध्ये उड्डाणं सुरू झाली, तेव्हापासून पेडणे-बार्देशच्या जमिनीवर लोकांची नजर आहेच.

नावं कुठून मिळवायची आणि कशी पारखायची

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्यामुळे 'गोव्यातील सर्वोत्तम मालमत्ता वकील' अशी जाहिरात दिसली, तर तिथूनच सावध व्हा. दलाल किंवा बिल्डर सुचवेल तो वकील तुमचा नसतो, हे तर सांगायलाच नको. आम्हाला तीन नावं मिळाली ती अशी: देवस्थानाच्या एका महाजनांकडून, ज्यांची स्वतःची इन्व्हेंटरी झाली होती, गावातल्या निवृत्त शिक्षिकेकडून, आणि न्यायालयाबाहेरच्या टंकलेखकाकडून. टंकलेखकाने दिलेलं नाव सगळ्यात बरोबर निघालं. कुणाचे अर्ज परत येत नाहीत, हे त्याला रोज दिसतं.

नाव मिळालं की पारखायचं. सनद क्रमांक विचारा आणि बार कौन्सिलकडे तपासून घ्या; चांगला वकील यात अपमान मानत नाही. गेल्या दशकभरात वकिली सुरू केलेल्यांनी अखिल भारतीय बार परीक्षाही दिलेली असली पाहिजे. सनद नसताना न्यायालयात वकिली करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण त्याने तुमचं नुकसान भरून येत नाही. मग ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर जा, गोवा निवडा, ते न्यायालय निवडा आणि वकिलाच्या नावाने शोधा. त्याची तिथली चालू आणि निकाली प्रकरणं दिसतात. त्यात इन्व्हेंटरीची प्रकरणं आहेत का, की सगळे चेक न वटल्याचेच खटले आहेत? या एका शोधाला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत. आम्ही पहिल्यांदा तो केला नाही.

पहिली भेट

फोनवर ठरवून प्रत्यक्ष जा. सल्ल्याची फी द्या, फुकट सल्ला मागू नका. मी विचारलेले प्रश्न सांगतो. गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती इन्व्हेंटऱ्या पूर्ण केल्या, आणि सर्वांत लांबलेली कशामुळे लांबली? पोर्तुगीज कागद तुम्ही स्वतः वाचता की कुणाकडून वाचून घेता? तारखांना स्वतः उभे राहता की ज्युनियर? आणि सर्वांत महत्त्वाचं: आमचे चुलते, शेजारचे भाटकार, आमच्या जमिनीवर डोळा असलेला बिल्डर, यांपैकी कुणाचं काम तुम्ही केलंय का?

स्थानिक वकिलाची दुखरी बाजू हीच आहे. तालुका लहान, सगळे एकमेकांना ओळखतात. ज्याने एका बाजूला सल्ला दिला त्याने त्याच प्रकरणात दुसऱ्या बाजूने उभं राहू नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे, तरी विचारून घ्या आणि उत्तर ईमेलवर मागा. पहिल्या नावाच्या वकिलांनी आम्हाला स्वतःहून सांगितलं, की आमच्या चुलतभावाचं वकीलपत्र त्यांच्याकडे आहे. त्यांच्याबद्दलचा आदर मला आजही आहे.

जो पहिल्या भेटीत 'सहा महिन्यांत घर तुमच्या नावावर' म्हणतो, त्याचे आभार मानून उठा. आमच्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत एकही आश्वासन दिलं नाही. आणायच्या कागदांची यादी दिली, अकरा कागदांची.

फी, वकीलपत्र, मुखत्यारपत्र

फी टप्प्यांत लिहून घ्या: सर्च, दस्त किंवा अर्ज, प्रत्येक तारीख, अनुवाद, प्रवास. न्यायालयाचा खर्च वेगळा. मिळालेल्या जमिनीत हिस्सा किंवा विक्रीच्या किमतीवर टक्के अशी फी ठरवायला नियमांनी मनाई आहे. ती सोय वाटते, पण त्यात वकील तुमचा भागीदार होतो. घरातली स्त्री पक्षकार असेल आणि फी झेपणार नसेल, तर १९८७च्या विधी सेवा कायद्याखाली तिला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. हे फार थोड्या आत्यांना आणि मावश्यांना माहीत असतं.

वकीलपत्र म्हणजे न्यायालयात तुमच्या वतीने उभं राहण्याचा अधिकार. मुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या वतीने सह्या करण्याचा, व्यवहार करण्याचा अधिकार. या दोहोंची गल्लत करू नका. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. मुखत्यारपत्र वकिलाला देण्यापेक्षा घरच्या माणसाला द्या, ठराविक कामापुरतं द्या आणि त्यात विक्रीचा अधिकार नको असेल तर तसं स्पष्ट लिहा. परदेशातून पाठवायचं असेल तर भारतीय वकिलातीत सही करा किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिल (दस्त अस्सल असल्याचा आंतरराष्ट्रीय दाखला) घ्या. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. माझा चुलतभाऊ मस्कतला असतो. त्याचं पहिलं मुखत्यारपत्र कपाटात चार महिने पडून राहिलं आणि दुसरं करावं लागलं.

मुंबईचे वकील सोडून द्यायचे का? आम्ही सोडले नाहीत. दस्तांच्या प्रती त्यांनाही दाखवतो, घरातल्या वृद्धांना ते समजावून सांगतात. मात्र मसुदा म्हापशाचा आणि सल्ला मुंबईचा, हा क्रम पक्का ठेवला. प्रकरण पर्वरीला गेलं तर उच्च न्यायालयात नेहमी असणारा आणखी एखादा वकील लागेल. दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं तर तिथं अधिकृत ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डशिवाय कागद दाखल होत नाही.

काम सुरू झाल्यावर

तुमच्या प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक घ्या आणि प्रत्येक तारखेनंतर संध्याकाळी ई-कोर्ट्सवर फोनवरून स्वतः बघा. दाखल झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा. कुणी परस्पर मनाई हुकूम आणेल अशी भीती असेल तर कॅव्हेट, म्हणजे 'आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज, लावायला सांगा. ते नव्वद दिवस टिकतं, मग पुन्हा लावावं लागतं. योग्य न्यायालयात लावलं तरच त्याचा उपयोग, आणि योग्य न्यायालय कोणतं हे पुन्हा तिथलाच माणूस जाणतो.

वकील बदलायची वेळ आलीच, तर आधी पत्र लिहा, हिशेब मागा, ना-हरकत घ्या. फी थकली म्हणून तुमची फाईल अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये हे स्पष्ट केलं आहे. फीसाठी त्याला वेगळी दाद मागता येते. ग्राहक न्यायालयाचा रस्ता मात्र मे २०२४च्या निकालाने बंद झाला. गैरवर्तनाची तक्रार ३५व्या कलमाखाली बार कौन्सिलकडे करायची असते, कागदांसह. आम्ही दादरच्या वकिलांविरुद्ध तक्रार केली नाही. त्यांच्याकडून मूळ कागद मात्र मोजून परत घेतले, यादी करून, दोघांच्या सह्यांनी. त्यात मात्रीझचा एक पिवळा उतारा सापडला, जो त्यांनी कधी उघडूनही पाहिला नव्हता. वकीलबाईंनी तो खिडकीजवळ नेऊन उजेडात वाचला, पणजोबांचं नाव बोटाने दाखवलं आणि म्हणाल्या, "हांगासून सुरवात करूया."